ही सूचना पुढे द्यावी

ज्यांना हे खोटं वाटेल, त्यांनी इथेच थांबावं. मी वाद घालणार नाही. माझ्याकडे पुरावा नाही... होता, तो मीच पुसला.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. आमच्या घरात रात्री काहीच होत नाही. जे होतं ते भर दुपारी, जेवणं उरकल्यावर, स्वयंपाकघरात. समोरच्या इमारतीत वाळत घातलेले कपडे स्वच्छ दिसत असतात, तेव्हा.

घरात आम्ही चौघं. मी, नवरा, सासूबाई आणि वर्षाची होत आलेली आमची मुलगी. तिला सगळे मुंगळी म्हणतात. एकदा चिकटली की सुटत नाही म्हणून.

सासरे, म्हणजे बाबा, तिच्या जन्माआधीच गेले. आयुष्यभर बस स्टँडवर माइकवरून सूचना देण्याची नोकरी केली त्यांनी. आधी दोनदा खाकरायचे, मग सुरू. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे..." घरीही तोच थाट. लग्न होऊन मी दारात उभी होते, तर आतून आवाज आला, "नवीन प्रवाशांनी सामान सांभाळून आत यावे." सगळे खो खो हसले. मग मी कायमची 'नवीन प्रवासी' झाले.

शेवटच्या आजारपणात त्यांना एक छंद लागला होता. पेन ड्राइव्ह लावायचा एक छोटा रेडिओ होता, त्यात रेकॉर्डिंगही व्हायचं. त्यावर त्यांनी सासूबाईंसाठी सूचना भरून ठेवल्या.

"स्वयंपाकघरातल्या बाईंनी लक्ष द्यावे. ओटा पुसून झाला असल्यास त्यांनी थोडं आडवं व्हावं."

"गुडघ्याची गोळी आज उशिराने धावत आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व."

मागे त्यांच्या जुन्या घरातल्या पंख्याची कुरकुर. कुर्र... कुर्र...

बाबा गेल्यावर आम्ही या घरात आलो. रेडिओ स्वयंपाकघरातल्या फळीवर आला. सासूबाई रोज दुपारी त्याच्यापाशी स्टुलावर बसायच्या, डोळे मिटून दोन-चार सूचना ऐकायच्या आणि मग खरंच आडव्या व्हायच्या. "याची आणखी एक कॉपी करून ठेवू," असं नवरा दर सुट्टीला म्हणायचा. म्हणायचाच फक्त.

मला घरून काम मिळालं होतं, मुलांचे निबंध तपासायचं. त्यासाठी नवऱ्याचा कॉलेजमधला लॅपटॉप काढला. तो चालू करावा, चहा टाकावा, पिऊन कप विसळावा, तरी पडद्यावर ते चक्र गोल गोल फिरतच.

मी दादाला, माझ्या भावाला, फोन केला.

"नवीन सिस्टिम टाक त्यात," तो म्हणाला.

"कशी? याला सीडीची खाचच नाहीये."

"कुठल्या जमान्यात आहेस, बाई? पेन ड्राइव्हवरून टाकतात हल्ली. आहे का एखादा घरात?"

माझी नजर फळीकडे गेली.

सासूबाई डोळे तपासायला निघाल्या होत्या, नवऱ्याबरोबर. मी विचारलं. त्यांनी चपला काढल्या, आत आल्या, स्वतःच्या हाताने पेन ड्राइव्ह काढला आणि हातात धरून क्षणभर उभ्या राहिल्या.

"यातलं काही जाणार नाही ना गं?"

"नाही आई. मी आधी सगळं काढून ठेवते."

"तुला कळतं त्यातलं," म्हणाल्या, आणि माझ्या तळहातावर ठेवला.

आणि मी काढून ठेवलं. खरंच ठेवलं. बाबांच्या आवाजाचा अख्खा फोल्डर लॅपटॉपवर घेतला, तो उघडून एक सूचना वाजवूनही पाहिली. मुंगळी मांडीवर किरकिरत होती. कित्येक रात्री नीट झोप नव्हती. मग पेन ड्राइव्हवर नवीन सिस्टिम चढवायला घेतली. 'यातलं सगळं पुसलं जाईल' अशी पाटी आली. मी बिनधास्त 'हो' दाबलं. आवाज तर काढून ठेवला होता ना.

लॅपटॉप बंद करून पेन ड्राइव्हवरून सुरू केला. दादा फोनवर होताच.

"आता जुनं सगळं डिलीट कर आणि पुढे जा. तुझं काही राहिलं नाही ना आत?"

"नाही रे. फोटो कालच दुसरीकडे टाकले."

केलं डिलीट. पट्टी सरकू लागली. मी मुंगळीला भरवलं, गाणंही म्हटलं तिला. एक काम मार्गी लागलं म्हणून खूश होते मी.

नवा पडदा आला. स्वच्छ, निळा. कोपऱ्यात फक्त कचऱ्याचा डबा.

बाबांचा फोल्डर कुठे गेला?

मी तो डबाही उघडून पाहिला. रिकामा.

सांभाळायला म्हणून मी तो ज्या लॅपटॉपवर ठेवला होता, तोच स्वतःच्या हाताने पुसून काढला होता.

दादाने मला सगळं पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाला, "दोन्हीकडे वरून नवीन लिहिलं गेलंय गं. आता कठीण आहे."

सासूबाई परत यायच्या आत मी पेन ड्राइव्ह रेडिओला लावून ठेवला. आवाज नसलेला. चोरासारखा.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या स्टुलावर बसल्या. मी मुंगळीला कडेवर घेऊन दारात उभी होते. सांगायचं ठरवलं होतं. पहिलं वाक्यही तयार होतं.

त्यांनी डोळे मिटले. बटण दाबलं.

शांतता...

मग कोणीतरी दोनदा खाकरलं.

"स्वयंपाकघरातल्या बाईंनी लक्ष द्यावे..."

मी मुंगळीला घट्ट कवटाळलं. पण भीतीने नाही. सुटले म्हणून! कसं, का, काही विचारलं नाही मी स्वतःला. थोड्या वेळाने सासूबाई उठल्या, जाता जाता माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"बरं जपलंस हो," म्हणाल्या.

आणि मी म्हणाले, "हो."

त्या 'हो'ची लाज अजून गेलेली नाही.

त्या झोपल्यावर मी पेन ड्राइव्ह लॅपटॉपला लावून पाहिला. आत नुसत्या सिस्टिमच्या फाइली. कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडेही दोन्ही वस्तू नेल्या. तो म्हणाला, "ताई, यात आवाजाची एकही फाइल नाही. इकडे नाही, तिकडेही नाही."

"रेडिओत स्वतःची मेमरी असेल का रे?" मी दादाला विचारलं.

"असेल," तो म्हणाला. जरा थांबून, "नसते खरं तर." आणि मुंगळीची चौकशी करू लागला.

मग मी रोज दारात उभी राहून ऐकू लागले.

आवाज बाबांचाच होता. पण मागची पंख्याची कुरकुर नव्हती.

तिच्या जागी काहीतरी वेगळं होतं. टप... टप... टप...

आमच्या सिंकचा नळ गळतो. या घरातला. बाबांनी हे घर कधी पाहिलंही नव्हतं. मी हळूच पुढे होऊन नळ घट्ट पिळला.

बाबांच्या आवाजामागची टपटप थांबली.

आणखी एक. बाबा खाकरण्याआधीच मुंगळी फळीकडे मान वळवायची. रोज.

एकदा ती आतल्या खोलीत झोपली होती. सासूबाई स्टुलावर. फळीवरून आवाज आला, "मुंगळी उठली आहे. नवीन प्रवाशांनी लक्ष द्यावे."

आतून काहीच आवाज नव्हता. मी आतल्या खोलीकडे कान लावला...

मग रडणं सुरू झालं.

मुंगळी हे नाव बाबांना कुठून माहीत? मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या डोळे मिटून तशाच बसलेल्या. साध्या दचकल्यासुद्धा नाहीत.

मला ते सहन होईना. मुलीला घेऊन आले आणि त्यांच्यासमोर फरशीवरच बसले.

"आई, माझ्याकडून सगळं पुसलं गेलंय. त्याच दिवशी. मी खोटं बोलले."

त्यांनी डोळे उघडले.

"माहितीये गं."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. बटण दाबलं, तर काही वाजलंच नाही. बघते तर तू दारात, तोंड एवढंसं झालेलं. म्हटलं, पोरगी आधीच जागरणांनी अर्धी झालीये, तिला आणखी कशाला?"

"मग रोज इथे बसून...?"

"पाठ आहेत मला सगळ्या. मनात म्हणते." त्या हसल्या. "जन्मभर माइक सोडला नाही त्यांनी. आता म्हटलं, आपण बोलू."

मी फळीकडे पाहिलं. कारण त्या बोलत असताना, त्यांच्या पाठीमागे, फळीवर...

कोणीतरी दोनदा खाकरलं.

त्या बोलतच राहिल्या. त्यांना काहीच ऐकू आलं नाही. माझ्या मांडीवरची मुंगळी मात्र फळीकडे बघून हसली.

त्याच दिवशी त्यांनी पेन ड्राइव्ह काढून मला दिला. "तुझ्या कामाला होईल." रेडिओ पुसून, फडक्यात गुंडाळून कपाटावर टाकला. लॅपटॉप आता झकास चालतो. त्याच्यावरच लिहितेय मी हे.

फळी रिकामी आहे.

आवाज येतो.

"स्वयंपाकघरातल्या बाईंनी लक्ष द्यावे." मग थांबतो. उत्तराची वाट बघितल्यासारखा. सासूबाई ओटा पुसत असतात. "ही सूचना पुन्हा देण्यात येत आहे..." पुन्हा थांबतो. त्या फडकं पिळतात.

नवऱ्याला सांगून पाहिलं. "तू जरा झोप काढ," म्हणाला.

गेल्या आठवड्यात आवाज अगदी जवळून आला. माझ्याच कानाशी.

"नवीन प्रवाशांनी ही सूचना पुढे द्यावी."

मी अजून दिलेली नाही. काय तोंडाने देऊ? बाबा त्यांना हाका मारतात, आणि ऐकू येतात मला. त्यांचं होतं ते मी पुसलं, आणि मिळालंही मलाच. रोज दुपारी मी सांगायला तोंड उघडते आणि म्हणते, "आई, राहू द्या, ओटा मी पुसते."

काल मुंगळी आजीच्या मांडीवर होती. वाटीतला एकेक घास खात होती. मधेच तिने मान वळवली. रिकाम्या फळीकडे टक लावून बराच वेळ ऐकत राहिली.

मग आजीच्या तोंडाकडे पाहिलं...

आणि दोनदा खाकरली.

सासूबाईंचा हात वाटीतच थांबला. त्यांनी हळूहळू मान वर करून माझ्याकडे बघितलं.

मी खाली बघितलं.