तुटक रेषेतली अळंबी

मंगोलियातल्या तामिर नदीच्या मधोमध चारी चाकं रुतलेली जीप, तिच्या टपावर पुस्तकांचं खोकं छातीशी कवटाळून बसलेला एक लांब नाकाचा गोरा तरुण, आणि काठावर मोटरसायकल थांबवून पोट धरधरून हसणारी उंद्रा... त्यांची पहिली भेट झाली ती अशी.

"हे भगिनी, साहाय्य करावे!" तो ओरडला. मंगोल भाषा तो बुडापेस्टमध्ये जुन्या पोथ्यांवरून शिकला होता.

"भगिनी कुणाची रे? आधी खाली तर उतर!"

शेवटी शेजारच्या तंबूवाल्यांचे दोन याक जुंपून जीप बाहेर काढली. मग कळलं, दोघांना जायचंय एकाच ठिकाणी. तो चनाद, हूणांच्या थडग्यांचं उत्खनन करायला आलेला. उंद्रा संग्रहालयातली चित्रकार. थडग्यांत जे सापडेल ते मोजूनमापून कागदावर उतरवायचं, हे तिचं दर उन्हाळ्याचं काम. तिचे बाबा उत्खननाच्या तळाचे राखणदार होते. लेक पोहोचताच त्यांनी तिचा डावा गाल हुंगला.

"एकच?" चनादने हळूच विचारलं.

"उजवा मागच्या शरदात हुंगला, मी शहरात जायला निघाले तेव्हा. डावा परत आल्यावर. एक गाल राखून ठेवला की माणसाला परतावंच लागतं."

चनादने ते वहीत लिहून घेतलं. मेला सगळंच लिहून घ्यायचा.

मग रोजची भांडणं सुरू झाली.

"हूण आमचे," उंद्रा म्हणायची. "इथूनच गेले."

"गेले ना? मग आमचे झाले. आमच्याकडे घरोघरी हूण राजाच्या नावाचे अत्तिला आहेत. माझा भाऊ अत्तिला, आमचा न्हावी अत्तिला."

"नुसती नावं लावून कुणी वारस होतं का? त्यांची भाषा येते?"

"तीन शब्द येतात. तेवढेच उरलेत. दोन पेयांचे, एक मयताच्या जेवणाचा. तेही त्यांचे की शेजाऱ्यांचे, यावर आमचे पंडित अजून हमरीतुमरीवर येतात."

"एवढं मोठं राज्य केलं आणि मागे ठेवलं काय, तर खाणं-पिणं! मग आमचेच ते." ती हसत त्याचा वाडगा घोडीच्या आंबवलेल्या दुधाने काठोकाठ भरायची. "आणि तुला रे? खरं काय वाटतं?"

तो गवताकडे बघत राहिला. "आजोबा म्हणायचे, आपण पूर्वेकडून आलो. ते खरं असावं असं फार वाटतं... पण वाटणं वेगळं."

ती चित्र काढायला बसली की तो मागे येऊन उभा राहायचा. "सावली पडतेय," ती म्हणायची. तो लगेच सरकायचा, आणि आपण उगाच बोललो असं तिला वाटायचं. गारांची सर येऊन गेली की सगळ्या माळाला रानओव्याचा वास सुटायचा, आणि दोघंही तो वास घेत बसायची.

ऑगस्टच्या मध्यावर एक ब्राँझची कढई निघाली. तिचे दोन्ही कान तुटलेले होते. हंगेरीत सापडलेल्या हूणांच्या कढयांच्या कानांवर अळंबीसारखी बोंडं असतात. इथेही तशी असती, तर...

"तर बुडापेस्टची मंडळी आणखी तीन उन्हाळे खर्च देतील," चनाद चहाच्या वाडग्यात बघत म्हणाला. "नाहीतर हा शेवटचा."

उंद्राने कागद ओढला. जे आहे ते पक्क्या रेषेने काढायचं, जे तुटलंय ते चित्रकाराने अंदाजाने, तुटक रेषेत, असा रिवाज. तिने कढई काढली, कान काढले. मग हात थांबेचना. चार छोट्या अळंब्या, तुटक तुटक. चनादचे तीन उन्हाळे.

त्याने चित्र पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. मग हळूहळू विझला.

"उंद्रा... या बोंडांचं बूड तरी सापडलंय का?"

"असू शकतात."

"शकतात. पण अंदाज कुणाचा? चित्रकाराचा, की..."

"माझा!" ती भडकून म्हणाली. "तू परत यावास म्हणून काढल्या. झालं? लिही आता वहीत!"

वही त्याने उघडलीच नाही. त्याचं बोट त्या अळंब्यांवर नुसतं फिरत राहिलं.

"सकाळपासून मीही अहवालात 'बोंडं असावीत' हेच वाक्य लिहितोय आणि खोडतोय," तो म्हणाला. "तुझ्यासाठीच. तू म्हणालीस तर राहू दे तसंच."

उंद्राला 'राहू दे' म्हणायचं होतं. ओठांवर आलंच होतं. पण आजोबांची गोष्टसुद्धा ज्याने तपासल्याशिवाय खरी मानली नाही, तोच तर तिला आवडला होता. तिने खोडरबर घेतलं आणि चारही अळंब्या स्वतः पुसल्या.

"खोटं बोलून आणलेला माणूस मला नको," ती म्हणाली. कागदावरचा चुरा दोघांनी एकदमच फुंकला. मग त्याने तिचा हात धरला, आणि तिने धरू दिला.

अहवाल गेला : हंगेरीतल्या हूणांशी संबंध आहे, असं सांगता येत नाही. दहा दिवसांत उत्तर आलं. पुढच्या वर्षी खर्च मिळणार नव्हता.

निघायच्या दिवशी गवतावर पहिलं हिव पडलं होतं. उंद्रा दुधाचं भांडं घेऊन आली, ते खाली ठेवलं, त्याची कॉलर धरून त्याला वाकवलं आणि उजवा गाल खोलवर हुंगला. साबण, घोडा, धूळ. बाबांना अचानक जीपचं मागचं चाक तपासावंसं वाटलं.

चनादने डावा गाल पुढे केला. "आणि हा?"

"हा तुटक रेषेत," ती म्हणाली. "पक्का करायला तुला यावं लागेल."

"खर्च कुणी दिला नाही तरी?"

"तरी."

जीप निघाली. रिवाजाप्रमाणे उंद्रा तिच्या मागे पळीने दूध शिंपडत राहिली, वाट सुखाची व्हावी म्हणून. जीप तामिरमध्ये उतरली, मधोमध जराशी डगमगली... उंद्राची पळी हवेतच थांबली. रुत ना, ती मनात म्हणाली, एकदा रुत!

जीप पाण्यातून सरळ पलीकडे गेली.