साडेपाचची गोळी

"हलकी बंदूक, कमी धक्का, नेम पक्का!" टिलेन तिसऱ्यांदा म्हणाला, तेव्हा गोराज्दकाकांनी चहाचा पेला टेबलावर आपटला.

कोचेव्येच्या जंगलातलं शिकारी मंडळाचं खोपटं. टिलेन आणि नेझा, दोघांनाही यंदाच परवाना मिळालेला. पहिली बंदूक कोणती घ्यायची यावरून दुपारपासून वाद चालला होता.

"किती वर्षं घसा फोडतोय मी!" काका म्हणाले. "लहान हरणाला साडेपाच मिलिमीटरची चालते. लाल हरीण म्हणजे खोंडाएवढं जनावर. त्याला आठची लागते. नेम काय, कधीतरी सगळ्यांचाच हुकतो."

"काका, तुम्ही तर सशामागेही तोफ घेऊन जाल," नेझा हसली.

"हस. माझा शेजारी मोहोरही असाच हसायचा."

बाहेर अंधार पडला होता. काकांचा आवाज खाली आला.

गेल्या वर्षीचा नोव्हेंबर, दुसरा शनिवार. मंडळाला वर्षासाठी ठरवून दिलेल्या वाट्यातली एक लाल हरिणी मारायची राहिली होती, ते काम मोहोरकडे आलं. त्याचा खांदा दुखत होता. आठच्या बंदुकीचा धक्का नको, म्हणून त्याने साडेपाचची उचलली.

"ही कशाला?" बायकोने विचारलं.

"नेम माझा आहे ना? मग!" तो खेकसला.

साडेतीनला, चांगला उजेड असताना, हरिणी मचाणासमोर आली. साठ पावलांवर. त्याने बार काढला. हरिणी वाकली... आणि पळाली.

मोहोर चरफडत खाली उतरला. गवतावर रक्ताचे चार थेंब आणि हाडाची एक कपची. गोळी खांद्याच्या हाडावरच फुटली होती. आत पोचलीच नव्हती.

अशा वेळी करायचं काय, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. थांबायचं, आणि माग काढणाऱ्या विडाला कुत्र्यासकट बोलवायचं. पण तिचा पहिला प्रश्न ठरलेला: कोणती गोळी? लाल हरणाला साडेपाचची नियमात बसत नाही; खरं सांगितलं की परवाना गेला. मोहोरने तीनदा फोन काढला, तीनदा खिशात कोंबला. मग एकटाच निघाला.

रक्त सापडायचं, हरवायचं. काटे कपडे फाडत होते. सात वाजले. आठ वाजले. हरिणी कुठेतरी कण्हत होती. तो डावीकडे वळला, की आवाज उजवीकडून यायचा.

"मर ना गं एकदाची!" तो ओरडला, आणि स्वतःच्याच आवाजाने शरमला.

नऊ वाजून वीस मिनिटांनी हातातली बॅटरी विझली.

मागून कुणीतरी विचारलं, "कोणती गोळी?"

पुरुषाचा आवाज. दमलेला. जवळच.

"आठची," मोहोरच्या तोंडून निघून गेलं.

"कोणती?"

"आठची, सांगितलं ना! कोण आहे?"

पाचोळा वाजला नाही. हरिणी कण्हली. मग आवाज थेट कानाशी आला. श्वास मात्र लागला नाही.

"कोणती..."

"साडेपाच," मोहोर रडू लागला. "साडेपाचची... चुकलं माझं..."

कण्हणं थांबलं.

एकदम.

तो पळाला. पडला. उठला. पळाला.

घरी पोचल्यावर त्याने विडाला फोन लावला आणि सगळं खरं सांगून टाकलं.

"साडेपाच? लाल हरिणीला?" विडा कडाडली. "लाज कशी वाटली नाही रे मेल्या? परवान्याचं मंडळ बघेल. उजाडताच फाट्यावर ये."

सकाळी कुत्रा सरळ गेला. बॅटरी विझली तिथून चाळीस पावलांवर हरिणी पडली होती. उजव्या कुशीवर, पाय नीट जुळवून, जशी शिकारी निजवतात तशी. अंगावर जखम एकच, खांद्यावरची. तोंडात देवदाराची हिरवी डहाळी.

तो शेवटचा घास. जनावर मेलं, की मारणाऱ्याने टोपी काढून त्याच्या तोंडात ठेवायचा. मेल्यानंतरच.

"तू ठेवलास?" विडाने विचारलं.

मोहोरने नुसती मान हलवली. नाही.

विडा गुडघ्यांवर बसली. जबडा ताठला होता, तिने जोर लावून डहाळी ओढून काढली. उजेडात धरली. मग तिने ती मोहोरपुढे केली.

डहाळी अर्धी चावलेली होती.