तिसरा बाहुला

मी बाहुले शिवते म्हटलं की लोकांना वाटतं, छान, लहान मुलांसाठी असतील. नाही हो. माझे बाहुले माणसाएवढे असतात. आमची कंपनी मालवाहू जहाजांवर पहारेकरी पाठवते. माणसं महाग पडतात, म्हणून दोन खरे आणि दोन माझे. जुना बॉयलर सूट, आत चिंध्या, डोक्यावर हेल्मेट, हातांना मोजे. कठड्याला बांधले की लांबून चाच्यांना वाटतं, पहारा भरपूर आहे. मला धड उशीची खोळ शिवता येत नाही, पण चाचे फसतात.

त्या फेरीला खऱ्यांमध्ये माझा धाकटा भाऊ होता. निघताना म्हणाला, "ताई, हे दोघं माझ्यापेक्षा देखणे झालेत गं."

"आणि कामसूही. सुट्टी मागत नाहीत."

भर दुपारी ऑफिसात त्याच्या जोडीदाराचा फोन आला. तिकडे दाट धुकं होतं. जोडीदार जेवायला खाली गेला, वर आला तर भाऊ जागेवर नाही.

"अरे, पाण्यात पडला असेल! जहाज थांबवा!"

"कॅप्टन नको म्हणतोय. थांबलो तर चाचे गाठतील... आणि ताई... कठड्याला तिघं उभे आहेत."

"मग तिसरा तोच! हाक मार."

"मारली... जवळही गेलो... हा कापडाचा आहे. टाके तुमचेच. वाकडे."

मी दोनच शिवले होते.

भाऊ सापडला नाही. साहेब म्हणाले, "ड्युटी सोडून पळाला."

"कुठे पळाला साहेब? पाण्यावरून?"

त्यांनी घड्याळ बघितलं.

बाहुले परत आले. तिसरा उचलायला दोन हमाल लागले. मी त्याला खिडकीपाशी उन्हात ठेवून घेतलं आणि छातीवरची शिवण उसवायला बसले. खारट, कोंदट वास आला. पहिला टाका कापला, तर आतून अगदी हळू आवाज...

"ताई... दुखतंय..."

सुईत दोरा ओवला. कसाबसा तो टाका परत घातला.

"बाळा... उघडू का नको?"

दारातून साहेबच बोलले, "बाई, हा बरा आहे. जड आहे, वाऱ्याने हलत नाही. उद्याच्या जहाजावर ह्यालाच पाठवा."

बाहुल्याचा हातमोजा माझ्या मनगटाभोवती मिटला. घट्ट.

"हा जाणार नाही," मी म्हणाले.

साहेब हसून निघून गेले. मी मोकळ्या हाताने तो मोजा दाबून पाहिला. बोट न् बोट चाचपलं.

आत नुसत्या चिंध्या होत्या.