भागूबाईच्या हातचा घास

पार्थ आजीच्या हातचा मऊ भात मिटक्या मारत खायचा. भिंगारला लेकीकडे आल्यापासून भागूबाईचं ते ठरलेलं काम. सुकन्या आत शिलाई मशीनवर बसली, की ओट्यावर मांडी घालून नातवाला भरवायचं.

मध्यंतरी साध्या तापानंतर पार्थ पिवळा पडला, म्हणून नगरला रक्त तपासलं. रिपोर्ट घ्यायला भागूबाईही सोबत गेली. डॉक्टरीणबाईंनी समजावलं : पेशी साखर वापरतात, त्याची एक आडवाट असते, त्या वाटेवरचं जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम याच्यात कमी आहे. एरवी मूल ठणठणीत राहील, पण हिवतापाच्या काही गोळ्या, कपाटातल्या डांबरगोळ्या, यांनी याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतील. हे आईकडून मुलाला येतं.

"त्यानं लघवी काळी हुती का?" भागूबाईनं विचारलं.

"होते. कोऱ्या चहासारखी."

भागूबाईनं पार्थला सुकन्याकडं दिलं. सुकन्या लहान होती तेव्हा, राहुरीकडं ऊसतोडीला गेले असताना, भागूबाईच्या धाकट्या लेकाला, अमृतला, हिवताप आला होता. तळावरची बाकी माणसं त्याच गोळ्यांनी बरी झाली. अमृतला तिनं त्या गुळात कुस्करून चारल्या. पोराला काळी लघवी झाली, ते पिवळं पडलं आणि गेलं. इतकी वर्षं तिनं तापालाच बोल लावला होता.

त्या दुपारी पार्थनं तिच्या हातचा घास घेतला नाही.

तोच भात सुकन्यानं भरवला, तर खाल्ला. दात येत असतील, ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी पेज, मग पाणीसुद्धा. पार्थ रडत नव्हता, तोंड फिरवत नव्हता. उलट भुकेनं वाटीकडं झेपावायचा. फक्त भागूबाईचा हात जवळ आला, की ओठ मिटायचे.

तिनं दृष्ट काढली. फरक पडला नाही.

अखेर एका दुपारी ती हळूच म्हणाली, "अमृत, मला ठावं न्हवतं रे. ह्यो निस्ता भात हाय."

आत मशीन चालू होतं. ओट्यावर ऊन होतं.

तिनं अर्धा घास आधी स्वतः खाल्ला. उरलेला पुढं केला.

पार्थनं तोंड उघडलं.

मग ते मिटलं. बाहेरून कुणी दाबून धरावं तसे दोन्ही गालांवर खळगे पडले होते, लहान बोटांच्या टोकांएवढे. बोटं दिसत नव्हती.

भागूबाईनं हात मागं घेतला, तेव्हाच ते खळगे भरून आले.