मेणातला आवाज

सूनबाई आली ती बिस्किटांचा पत्र्याचा डबा छातीशी धरून. खुर्चीत बसली तरी डबा मांडीवरून खाली ठेवेना.

भाऊंना वाटलं, आत दागिने असणार. चित्रकला शिक्षक म्हणून निवृत्त झालेले भाऊ बहिणीच्या तपासाचे अहवाल टंकून द्यायचे आणि पहिला अंदाज न चुकता चुकवायचे. बहिणीने विमा कंपनीत नुकसानीचे दावे तपासता तपासता केस पांढरे केले होते. आता ती खाजगी कामं घ्यायची. लोक तिला 'बाई' म्हणत, भाऊ 'धाकटी'.

डब्यात तपकिरी मेणाचे तुकडे निघाले.

सूनबाईचे सासरे, अप्पा, जुने फोनोग्राफ जमवायचे. तबकड्यांच्याही आधीची, मेणाच्या नळीवर आवाज वाजवणारी यंत्रं. त्यांच्यावर घरच्या घरी आवाज भरताही येई. शाळकरी वयात अप्पांनी दुरुस्त केलेल्या पहिल्या यंत्रावर त्यांची थोरली बहीण, अक्का, एक गाणं गायली होती. पुढे लग्न होऊन दोन वर्षांच्या आत अक्का तापाने गेली. तिचा आवाज उरला तो त्या एका नळीत.

मागच्या महिन्यात ती नळी कपाटापुढे फुटलेली सापडली. तिची पुठ्ठ्याची डबी झाकण लावून फळीवर जागच्या जागी होती, रिकामी. त्या दिवशी सकाळी सूनबाईने कपाट पुसलं होतं. दुपारी मिस्त्री एका यंत्राची स्प्रिंग बसवून गेला, नंतर अक्काचे यजमान, दाजी, रविवारच्या चहाला आले. संध्याकाळी अप्पांना तुकडे दिसले. मिस्त्री आणि दाजी यांचा जन्म या वस्तूंमध्ये गेलेला. नळी कशी धरायची हे माहीत नसलेलं घरात एकच माणूस, आणि तिनेच नळी फोडून डबी गुपचूप जागेवर ठेवली, असं अप्पांनी ठरवून टाकलं.

"त्या दिवसापासून ते माझ्या हातचं पाणीसुद्धा घेत नाहीत," सूनबाई म्हणाली. "हे बोटीवर नोकरीला. फोनवर म्हणाले, झालं असेल चुकून, माफी माग. पण बाई, मी ती डबी उघडलीच नव्हती."

धाकटीने एक तुकडा उजेडात धरला, भिंग लावलं. मेणावर पांढरट डाग होते आणि त्यांच्याखाली बारीक खड्डे पडलेले. तुटलेल्या कडा मात्र स्वच्छ होत्या. तुकडे इतके दिवस कुठे होते, असं तिने विचारलं. स्वयंपाकघरातल्या वरच्या कोरड्या फळीवर, सूनबाई म्हणाली. अप्पांनी ते हातातसुद्धा घेतले नव्हते, केराबरोबर टाक म्हणाले होते. टाकायला तिचा हात धजला नाही.

आधी गाठला तो मिस्त्री. त्याचं दुकान म्हणजे स्प्रिंगा, कर्णे आणि चाकांचा ढीग. मिस्त्री बोलायला बसला की उठायचा नाही. नळीच्या यंत्रांना आता कोण विचारतंय, म्हणाला, वर्षभरात अप्पांखेरीज एकच यंत्र आलं, दाजींचं. शोभेला ठेवायचं म्हणाले, पण सुई नवीकोरी बसवून घेतली. जुन्या लोकांची हौस! अप्पांची नळी फुटली ऐकून त्याने जीभ चावली. त्या नळीला बाजारात कवडीचीही किंमत नाही, पण अप्पांचा जीव होता तीत. भाऊंना हा माणूस गरजेपेक्षा जास्त बोलतोय असं वाटलं आणि त्यांनी मनातल्या मनात त्याला आरोपी करून टाकलं.

मग सूनबाई दोघांना दाजींकडे घेऊन गेली. ते तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटे राहायचे. अक्कानंतर त्यांनी लग्न केलं नाही. भिंतींना छातीपर्यंत ओल चढलेली. फळ्यांवर तबकड्या पुस्तकांसारख्या उभ्या होत्या, सगळ्या चपट्या. कोपऱ्यातल्या टेबलावर कापडाखाली काहीतरी झाकलेलं होतं, आणि टेबलावर तपकिरीसारखी बारीक पूड सांडली होती. भाऊंनी चिमूट नाकाशी नेली. वास कसलाच नव्हता. आपण तपकीर कधी ओढली नाही, दाजी हसून म्हणाले.

माणूस मोठा गोड. सूनबाईचं लग्न व्हावं म्हणून अप्पांशी भांडले होते ते हेच. ती त्यांना मुलीसारखी. नळीची गोष्ट निघाली तसे त्यांचे डोळे भरले. अप्पाने आपल्याला ती एकदाही ऐकवली नाही, ते म्हणाले. दर वाजवण्याला सुई थोडं मेण खरवडते, आवाज झिजतो, म्हणून तो स्वतःही ऐकत नसे.

"अक्काचा त्याच्यावर फार जीव," दाजी सांगत होते. "गाणं संपलं की कौतुकाची वाट बघणारी नव्हती ती. पहिली काळजी भावाची. 'आलं का रे?' म्हणून विचारणारी." मग ते सूनबाईकडे वळले. "पोर वाईट नाही. मीच तिला म्हटलं, कबूल करून टाक, अप्पा मोठ्या मनाचा आहे."

सूनबाईने मान खाली घातली. रस्त्यावर आल्यावर भाऊ म्हणाले की निदान एक माणूस तरी तिच्या बाजूचा आहे.

अप्पांची खोली कोरडी ठणठणीत होती. प्रत्येक कपाटात ओल शोषणाऱ्या पुड्या, प्रत्येक नळी कापसात. अक्काची नळी तर फुटायच्या आदल्याच आठवड्यात काढून पाहिली होती, अप्पा म्हणाले, आरशासारखी होती. तीवर काय होतं, हे सांगायला मात्र ते तयार होईनात. शेवटी भिंतीकडे तोंड करून बोलले.

"गाणं आहे. मग तिला वाटलं यंत्र थांबलं. 'आलं का रे?' एवढं म्हणते. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही."

भाऊंनी धाकटीकडे पाहिलं. धाकटीने शांतपणे सांगितलं, येत्या रविवारी दुपारी सगळ्यांना इथेच बोलवा.

रविवारी अप्पा, दाजी, सूनबाई आणि मिस्त्री त्या खोलीत बसले. धाकटीने तुकडे पांढऱ्या रुमालावर मांडले आणि अप्पांच्या हातात भिंग दिलं.

"बघा. तुम्ही अजून नीट पाहिले नाहीत."

अप्पांनी नाइलाजाने पाहिलं. मग भिंग जवळ नेलं. "याला बुरशी लागलीय."

"आणि बुरशीने मेण खाऊन खड्डे पाडलेत. ते महिन्याचं काम नव्हे, वर्षांचं. कडा स्वच्छ आहेत, म्हणजे बुरशी फुटण्याच्या आधीची. तुमची नळी आठवडाभर आधी आरशासारखी होती. मग ही ती नाही. ही ओलीच्या घरात राहिलेली दुसरी आहे, फोडण्यासाठी आणलेली."

अप्पांनी भिंग खाली ठेवलं.

"म्हणजे अक्काची नळी फुटली नाही, नेली," ती पुढे म्हणाली. "कुणी नेली? मिस्त्रीने सांगितलं, बाजारात तिला किंमत नाही. अनोळखी मुलीचं गाणं कोण विकत घेणार? तिचं मोल जगात दोघांनाच. एकाच्या कपाटात ती होतीच."

अप्पा सावकाश दाजींकडे वळले.

"तुमच्याकडे सगळ्या तबकड्या, दाजी. तरी नळीचं यंत्र नव्या सुईसकट दुरुस्त करून घेतलंत. शोभेच्या यंत्राला सुई कशाला? टेबलावर पूड होती, तिला तपकिरीचा वास नव्हता. पुन्हा पुन्हा वाजवलेल्या नळीचं ते मेण. आणि 'आलं का रे?' तुम्ही ती नळी कधी ऐकली नाही म्हणालात. अक्कांनीच सांगितलं असेल असं म्हणाल, म्हणून मी तेवढ्यावर विसंबले नाही. पण ओल, यंत्र, पूड आणि ते शब्द, चारही एकाच घरात निघाली."

दाजींनी नाकारलं नाही. कोटाच्या खिशातून त्यांनी मफलरीत गुंडाळलेली नळी काढून टेबलावर ठेवली. बहुधा रोज बरोबरच बाळगत असावेत.

अप्पांनी दोन बोटं आत घालून ती उचलली, यंत्रावर चढवली, चावी दिली. कर्ण्यातून नुसती खरखर आली. तिच्या तळाशी कुठेतरी कुणी गात असल्यासारखं वाटलं, की नाही, ते भाऊंना सांगता आलं नसतं.

"मी जन्मभर तिला जपली, दाजी," अप्पा म्हणाले. "तुम्ही महिन्यात संपवलीत."

"दर वर्षी मागत होतो, अप्पा. एकदा ऐकव म्हणून. ती माझी बायको होती," दाजी म्हणाले. "तू जपलीस. मी निदान ऐकली."

अप्पा यंत्र थांबवायचंही विसरले. शेवटी सूनबाई उठली आणि तिने सुई वर उचलली.

"आवाज नेलात ते मी समजू शकते, दाजी," ती म्हणाली. "मागून मिळालं नाही, नेलंत. पण मी तुमच्याकडे रडत आले होते. सगळं माहीत असून, माझ्या डोक्यावर हात ठेवून तुम्ही मला कबूल हो म्हणालात."

दाजी टेबलावरच्या मफलरीची घडी घालत राहिले. एवढ्या वेळात पहिल्यांदाच ते म्हातारे दिसले.

अप्पा घाईघाईने म्हणाले की झालं ते झालं, आपलंच चुकलं, आता सगळं पहिल्यासारखं होईल, मुलाला आजच फोन करतो. चहा टाक म्हणाले.

सूनबाई आत गेली. भाऊंना वाटलं, चहाच करायला. हाही अंदाज चुकला. ती परतली तेव्हा हातात बॅग होती. कपडे सकाळीच भरले असावेत.

"अगं, आता तर सिद्ध झालं," अप्पा म्हणाले. "आता कशाला जातेस?"

"तुम्ही एकदा विचारायला हवं होतं, अप्पा. 'तू फोडलीस का?' इतकंच. मी नाही म्हटलं असतं, आणि तुम्ही नसता विश्वास ठेवला, तरी चाललं असतं. पण तुम्ही विचारलंच नाहीत."

ती दोघांच्याही पाया पडली, नेहमीसारखी, आणि दाराकडे निघाली. अप्पा खुर्चीचा हात धरून अर्धवट उठले, तसेच राहिले. दाजी जमिनीकडे बघत होते.

भाऊंनी तिच्या हातातली बॅग घेतली. या खेपेला त्यांनी कसलाही अंदाज केला नाही. जिना उतरताना फक्त विचारलं, "कुठे सोडू, पोरी?"

"स्टँडवर," ती म्हणाली. "आईकडे जाते."