आतल्या बाकावर दोन चहा

धुकं इतकं दाट, की वाळत घातलेल्या साड्यांखाली जमुनाला आधी फक्त दोन अनवाणी पाय दिसले. रंगाऱ्याची पोर ती, कोपरापर्यंत नीळ माखलेली. तिनं सरळ काठीच उचलली.

"बेडा, बेडा... मारू नको. मी सिद्धराजू."

काठी हातातून गळलीच. हा कॉलेजातला कानडी पोरगा गेल्या महिन्यात मोर्चाच्या फलकांचं कापड रंगवून घ्यायला आला होता. कापडाकडे कमी आणि तिच्याकडे जास्त बघायचा, लबाड. कडकोळ गावच्या एका हॉटेलात दलितांना बाहेर उभं करून वेगळ्या ग्लासात चहा देत. "मी आत बसून कपातच पिणार. येशील बरोबर?" त्यानं विचारलं होतं. "बघू," म्हणत तिनं हसण्यावारी नेलं.

तो मित्रांना घेऊन गेला. बेदम मार खाल्ला. त्याला कालव्यात ढकललं, असं लोक कुजबुजत होते. पण पेपरात ओळ नाही, पोलिसांत नोंद नाही. जमुनाला मात्र घास जात नव्हता.

"कुठं होता तुम्ही?"

"आठवत नाही गं... सारखी थंडी वाजते." त्याच्या केसांतून पाणी ठिबकत होतं. "म्हटलं, तुझं उत्तर घ्यावं. येतेस चहाला?"

"चहासाठी एवढी पायपीट केली?"

"चहासाठी कोण येतं?"

ती लाजली... आणि तेवढ्यात अंगावर सर्रकन काटा आला. गंगाबाई काकू म्हणायची, भुताला रंग चढत नाही. जमुनानं ओला निळा पंजा त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर दाबला. छाती हौदातल्या पाण्यासारखी गार. हात काढला, तर सदरा पांढराच.

"काय गं, डाग पडला?" तो हसत होता. आपण मेलोय, हे त्याला बिचाऱ्याला माहीतच नव्हतं.

"पडला," ती म्हणाली. "आता जन्मात निघायचा नाही. माझं प्रेम आहे तुझ्यावर, सिद्धू. येते मी चहाला... आजच."

साड्या हलल्या. खाली पाय नव्हते.

दुपारी ती कडकोळच्या त्या हॉटेलात थेट आतल्या बाकावर जाऊन बसली.

"दोन चहा. कपातच."

"दुसरा कुणाला?" मालकानं विचारलं.

"सिद्धराजूला. तुम्ही कालव्यात ढकललंत ना, त्याला."

मालकाच्या तोंडचं पाणी पळालं, पण दोन कप आले. रिकाम्या जागेपुढच्या कपातली वाफ एकीकडे झुकत होती, कुणी फुंकर घालावी तशी. जमुनानं आपला कप उचलला.

"सावकाश पी," ती म्हणाली. "आज तुला कुणी उठवत नाही."