डिकीतला वाघोबा

डिकी उघडली पाण्याच्या बाटलीसाठी आणि बाटलीशेजारी गोणपाटात निघाला वाघोबा. वीतभर उंचीचा, शेंदूर फासलेला जुना कोरीव दगड. तासाभरापूर्वीच मार्टाने तो बारवी धरणामागच्या गुहेत पाहिला होता.

मार्टा पोलंडची, अंबरनाथच्या एका कारखान्यात इंजिनिअर. सकाळी शिवमंदिर, दुपारी गुहा, असा तिचा रविवार देवदत्त सरांनी आखला होता. कात्रपला राहणारे हे इतिहासप्रेमी गोऱ्या पाहुण्यांना भारी हौसेने फिरवत. पोलिसांना फोन त्यांनीच केला आणि चोरही त्यांनीच सांगून टाकला: गाडीचा ड्रायव्हर कैलास.

उपनिरीक्षक तेजस्वी पोचली तेव्हा कैलास चाकाला टेकून बसला होता. तो इथल्याच पाड्यावरचा, वाघोबा त्याच्या घरचा देव. चोर ठरला असता तर नोकरी गेलीच, पाड्यावर तोंड दाखवायलाही जागा उरली नसती.

"मॅडम, मी टपरीवर वडापाव खात होतो," तो म्हणाला. "आपल्याच देवाला कोण चोरणार?"

टपरीवाली गोदू म्हणाली, आला होता खरा, पण किती वेळ ते तिला आठवेना. डिकीचं कुलूप तर कधीचं बिघडलेलं, कोणीही उघडावं.

तेजस्वी वर चढून गुहेत शिरली आणि तिने नाकाला रुमाल लावला. कोपऱ्यात बिअरच्या बाटल्या, भिंतीवर ऑइलपेंटचे बदाम आणि नावं, पायाखाली वटवाघळांच्या विष्ठेचा ओला थर. आपल्या लोकांना काही म्हणजे काही लाज नाही. त्या थरात दोन अनवाणी माणसांची ताजी पावलं होती. त्यांच्यावरून बुटांचे ठसे रिकाम्या कोनाड्यापर्यंत गेले होते.

खाली येऊन तिने आधी मार्टाचे बूट पाहिले. साफ होते. कैलासच्या पायात रबरी चपला होत्या.

"आत कोण कोण गेलं होतं?"

"मी आणि मॅडम. दोघंही अनवाणी," देवदत्त म्हणाले. "गावची रीत मी नेहमी पाळतो. नंतर मॅडम ओढ्यावर फोटो काढत होत्या, तेव्हा हा वर गेला असणार."

"आणि तुम्ही?"

"झाडाखाली बसलो होतो."

"बूट उलटे करून दाखवा."

बुटांच्या तळाच्या खाचांत विष्ठा गच्च भरली होती.

"पहिल्यांदा मॅडम बघत होत्या म्हणून तुम्ही अनवाणी गेलात," तेजस्वी म्हणाली. "दुसऱ्यांदा बघायला कोणी नव्हतं, मग पाय घाण करून घ्यायची किळस आली. हा गावचा माणूस, चोरी करायला गेला असता तरी चपला बाहेर काढून गेला असता. गाडी तुम्हाला कात्रपला सोडणारच होती. गोणपाट घेऊन गुपचूप उतरायचं, एवढंच. मधेच मॅडमना तहान लागली."

देवदत्तांनी बूट मागे घेतले. मग म्हणाले, हे लोक तेलशेंदूर थापून शिल्पाची वाट लावतात, माझ्या दिवाणखान्यात ते नीट राहिलं असतं. एवढ्यावर थांबले असते तर बरं होतं. पण ते जवळ सरकले आणि आवाज खाली आणला.

"आपण शिकलेली माणसं. त्याचं काय, चार दिवस आत राहील आणि सुटेल. मला समाजात इज्जत आहे."

तेजस्वी एक पाऊल मागे सरली. हा माणूस बोलतोय ती हवाही नको झाली.

काय म्हणाले, असं मार्टाने विचारलं. तेजस्वीने तिला शब्दन्‌शब्द इंग्रजीत सांगितलं.

तेव्हा कुठे देवदत्तांनी मार्टासमोर मान खाली घातली. कैलास शेजारीच उभा होता. त्याच्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.